चेंडू आमच्याकडे, गोल मात्र त्यांचे

वाचकांच्या प्रश्नांच्या या सदराकडे या महिन्यात आलेली दोन पत्रे एकमेकांसमोर ठेवूनच वाचावी लागली. बेंबळा नदीच्या दोन काठांवरील दोन गावांतून ती आली आहेत. दोन्ही गावांत मोबाईलवर फुटबॉल खेळणारे संघ आहेत आणि दोघांनीही, एकमेकांना न कळवता, नदीपलीकडच्या संघाला कसे हरवावे हेच विचारले आहे. एकाला उत्तर देऊन दुसऱ्याला अंधारात ठेवणे मला योग्य वाटले नाही. म्हणून दोघांनाही येथेच उघडपणे उत्तर देत आहे आणि दोन्ही संघांनी दोन्ही उत्तरे वाचावीत, अशी माझी इच्छा आहे. इतर पत्रांना त्यानंतर जागा दिली आहे.

प्रश्न : सर, आमच्या गावात ‘ई-फुटबॉल’ खेळणाऱ्या पाच जणांचा संघ आहे. नदीपलीकडच्या गावाशी आमच्या भेटी वर्षातून दोनदा, पोळ्याच्या सुमारास आणि सोयाबीन निघाल्यावर, होतात. प्रत्येक भेटीत तीन लढती असतात, तिन्हींत वेगवेगळे खेळाडू उतरतात आणि दोन लढती जिंकणारे गाव विजयी ठरते. पहिल्या चार भेटी आम्ही जिंकल्या, नंतरच्या तीन सलग हरलो. आम्ही ४-३-३ रचनेत (चार बचावपटू, तीन मधल्या फळीत, तीन आघाडीला) ‘पझेशन गेम’ या शैलीने खेळतो. चेंडू बहुतेक वेळ आमच्याकडेच असतो. मागच्या भेटीत एका लढतीत आमचे पास त्यांच्या तिप्पट होते. तरीही ते दोन-तीन वेळाच आमच्या गोलपर्यंत येतात आणि गोल करून जातात. आपणही त्यांच्यासारखे ‘लाँग बॉल काउंटर’ खेळावे, असे संघातील काही जण म्हणतात. आमची शैली सोडावी काय?
(एक वाचक, तालुका बाभूळगाव, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : शैली सोडू नका. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून तुमचा पराभव शैलीमुळे नव्हे, तर चेंडू गमावल्यानंतरच्या चार-पाच सेकंदांत होतो आहे आणि ती दुरुस्ती शैली न बदलताही करता येते.

मोबाईलवरील फुटबॉल मैदानावरील फुटबॉलपेक्षा एका बाबतीत मुळातच वेगळा आहे आणि ते लक्षात घेतल्याशिवाय डावपेचांविषयी बोलता येत नाही. मैदानावर अकरा माणसे अकरा डोक्यांनी खेळतात. येथे कोणत्याही क्षणी अकरांपैकी एकच खेळाडू तुमच्या बोटांखाली असतो. उरलेले दहा जण तुम्ही सामन्याआधी देऊन ठेवलेल्या सूचना, निवडलेली शैली आणि त्या त्या खेळाडूला खेळाने दिलेला स्वभाव यांच्या आधारे संगणकाकडून हलवले जातात. म्हणजे डावपेचांचे दोन भाग होतात : दहा जणांना काय सांगून ठेवले आहे हा एक आणि हातातल्या एकाला आपण कुठे नेतो हा दुसरा. तुमच्या पत्रात रचनेचा आणि शैलीचा, म्हणजे दहा जणांचा, नीट उल्लेख आहे. त्या एकाविषयी मात्र एक शब्दही नाही, आणि दुखणे तिथेच असावे असे मला वाटते.

तुमचा गोल कसा होत असेल, ते मी मांडून पाहतो. ‘पझेशन गेम’ शैलीत तुमचे खेळाडू चेंडू असलेल्या साथीदाराला आधार देण्यासाठी जवळ सरकतात, त्यामुळे छोटे पास सहज जमतात. तुमचे दोन्ही कडेचे बचावपटू ‘ऑफेन्सिव्ह फुल-बॅक’ स्वभावाचे असतील, तर ते संधी मिळताच वर धावतात. समोरचा संघ ‘लाँग बॉल काउंटर’ खेळतो, म्हणजे चेंडू नसताना त्याची फळी खोल मागे उतरते आणि चेंडू मिळताच तो लांब पासने पुढे फेकला जातो. त्यांनी एका आघाडीवीराला ‘काउंटर टार्गेट’ ही वैयक्तिक सूचना दिली असणार. ती सूचना मिळालेला खेळाडू बचावासाठी मागे येत नाही, वरच थांबतो. तुमचा पास अडतो, लांब चेंडू तुमच्या कडेच्या बचावपटूने मोकळ्या सोडलेल्या पट्ट्यात पडतो आणि त्या क्षणी तुम्ही घाबरून मधला बचावपटू हातात घेता व त्याला चेंडूच्या दिशेने पळवता. गोल खरे तर याच क्षणी होतो. जाळ्यात जाणारा फटका त्यानंतरचा आहे. कारण तुम्ही ओढून नेलेल्या बचावपटूची जागा भरायला दुसरे कुणी वेळेत पोहोचत नाही आणि समोरच्याला फक्त एक आडवा पास द्यायचा उरतो.

त्यामुळे पहिली सवय बदला. चेंडू गमावताच मधल्या बचावपटूला हात लावू नका, तो संगणकाकडेच राहू द्या. तुम्ही बचाव फळीच्या पुढचा मधल्या फळीतील खेळाडू हातात घ्या आणि चेंडूवर झडप घालण्याऐवजी चेंडू आणि गोल यांच्यामध्ये येईल अशा वाटेने त्याला मागे आणा. ‘मॅच-अप’ वापरून समोरच्याला अडवून धरा. चेंडू हिसकावण्याची घाई करू नका, वेळ खा. तीन सेकंद मिळाले की तुमचे वर गेलेले बचावपटू परत येतात आणि त्यांचा प्रतिहल्ला साध्या हल्ल्यात बदलतो. ‘कॉल फॉर प्रेशर’ने साथीदाराला दाबासाठी बोलावण्याची सोय फक्त समोरच्याच्या अर्ध्या भागात वापरा. आपल्या गोलजवळ ती वापरली की एकाऐवजी दोन जागा रिकाम्या होतात.

दुसरी दुरुस्ती दहा जणांच्या सूचनांमध्ये करायची आहे. दोनपैकी एका कडेला ‘डिफेन्सिव्ह फुल-बॅक’ ठेवा. बचाव फळीच्या पुढे ‘अँकर मॅन’ स्वभावाचा खेळाडू हवाच, कारण तो जागा सोडून वर भटकत नाही. मात्र हे स्वभाव ठरावीक जागांवरच चालतात, हे तपासून घ्या. चुकीच्या जागी उभ्या केलेल्या नामांकित खेळाडूचा हा गुण वाया जातो. मधल्या दोन बचावपटूंपैकी दोघेही ‘डिस्ट्रॉयर’ असतील तर एक बदला. ‘डिस्ट्रॉयर’ चेंडूमागे आक्रमकपणे जातो आणि लांब चेंडूवर जगणाऱ्या संघाला नेमके तेच हवे असते. त्याच्या शेजारी ‘बिल्ड अप’ स्वभावाचा बचावपटू असला, तर तो मागे उतरून चेंडू घेतो आणि तुमचा छोट्या पासचा खेळही सुरू करून देतो.

आपल्याकडे कापूस वेचायला सगळे घर शेतात उतरले, तरी रानडुकरांच्या भीतीने रात्रीची जागली कुणी सोडत नाही. तुमच्या संघात वेचणीला अकराही जण जातात. मध्यरेषेच्या मागे किमान तीन जण आणि त्यांच्यापुढे एक, इतकी राखण ठेवूनच हल्ल्याला जा.

हे दुखणे केवळ मोबाईलच्या पडद्यावरचे नाही. एप्रिल २०१० मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत पेप गार्डिओला यांच्या बार्सिलोनाला जोसे मोरिन्यो यांच्या इंटर मिलानने असेच थांबवले होते. मिलानमधील पहिला सामना इंटरने ३-१ असा जिंकला. बार्सिलोनातील परतीच्या सामन्यात २८व्या मिनिटाला थियागो मोटा याला लाल कार्ड मिळून इंटरचे दहाच खेळाडू उरले, चेंडू जवळजवळ पूर्ण वेळ बार्सिलोनाकडे राहिला आणि तरीही बार्सिलोनाला जेरार्ड पिकेचा एकच गोल ८४व्या मिनिटाला करता आला. एकूण ३-२ अशा फरकाने इंटर अंतिम फेरीत गेला आणि तेथे बायर्न म्युनिकला २-० असे हरवून विजेता ठरला. त्या परतीच्या सामन्यात इंटरने चेंडू मागितलाच नाही. दहा जणांनी फक्त आपल्या जागा राखल्या. तुमचे पास तिप्पट होते, हे तुम्ही पत्रात अभिमानाने लिहिले आहे. समोरच्या संघाला त्या आकड्याची काळजी नाही, हे एकदा मनाशी स्वीकारा.

आता हल्ल्याविषयी. मागे ठाण मांडून बसलेल्या संघापुढे मधून छोटे पास करत राहिलात, तर तुम्ही त्याच्या गर्दीतच खेळता. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘करो या मरो’ ठरते, त्यामुळे कुणालाही कायम बचावात बसता येत नाही. फुटबॉलमध्ये असा नियम नाही, म्हणून समोरच्याला बाहेर काढण्याचे काम तुम्हालाच करावे लागते. त्यासाठी चेंडू मुद्दाम मागे आणा. तुमच्या मधल्या बचावपटूपर्यंत पास मागे द्या आणि थांबा. समोर बसलेला माणूस आहे, त्याला राग येतो, त्याचे बोट दाबाच्या बटणाकडे जाते आणि तो आपला एक खेळाडू फळीतून बाहेर आणतो. त्या क्षणी रिकाम्या झालेल्या जागेत पास करा. दुसरा उपाय असा की चेंडू कडेने गोलरेषेजवळ नेऊन तेथून उंच न टाकता जमिनीवरून मागे द्यावा आणि उशिरा धावत येणाऱ्या ‘होल प्लेयर’ स्वभावाच्या खेळाडूला फटका मारू द्यावा. खोल उतरलेली फळी गोलकडे तोंड करून धावत असते, तिला मागून येणारा दिसत नाही. मला स्वतःला हा दुसरा उपाय अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात समोरच्याच्या चुकीची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या भेटीआधी गावातल्या गावात सराव करताना तुमच्यापैकी दोघांनी नदीपलीकडच्या संघासारखे खेळावे. तुमच्या संघाने आजवर स्वतःसारख्याच संघाशी सराव केला असावा, म्हणून प्रतिहल्ल्याचा प्रसंग तुम्हाला फक्त खऱ्या भेटीत भेटतो. एक वही ठेवा आणि चेंडू कुठे गेला, गेल्यावर कोणता खेळाडू हातात घेतला आणि पुढे काय झाले, एवढेच लिहा. दहा लढतींनंतर ती वही माझ्या या उत्तरापेक्षा जास्त सांगेल.

प्रश्न : आदरणीय सर, आमच्या संघाकडे नदीपलीकडच्या संघासारखे महागडे फोनही नाहीत आणि तितके नामांकित खेळाडूही नाहीत. म्हणून आम्ही मागे बसून खेळायला शिकलो आणि गेल्या तीन भेटी जिंकलो. पण मागच्या भेटीतील शेवटच्या लढतीत तेही मागे थांबून राहिले, आम्हाला चेंडू घेऊन काय करावे हेच सुचेना आणि कशीबशी पेनल्टीवर ती लढत निघाली. आता ते शैली बदलणार, असे कानावर आले आहे. शिवाय या वर्षी दोन्ही गावांनी प्रत्येकी काही रक्कम लावून खेळावे, असेही काही जण सुचवत आहेत. आम्ही काय तयारी करावी?
(एक वाचक, बेंबळा नदीपलीकडील गाव, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : रकमेचे आधी. तसे करू नका. ऑनलाईन खेळांच्या नियमनाविषयी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे, पण पैज किंवा बोली लावणे त्या व्याख्येत बसत नाही आणि पैशांसाठी खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन खेळांवर बंदी आहे. भेटीच्या जागेचा खर्च वर्गणीतून भागवणे वेगळे आणि हरणाऱ्याची रक्कम जिंकणाऱ्याने नेणे वेगळे. शिवाय तुमचा संघ धीराने खेळतो, हीच त्याची ताकद आहे. पैसे लागले की सर्वात आधी धीर जातो.

आता खेळाविषयी. तुमच्या विजयात समोरच्याच्या घाईचा मोठा वाटा आहे, हे तुम्ही ओळखले आहे आणि म्हणूनच हे पत्र लिहिले, याचे मला कौतुक वाटते. जिंकणारा संघ सहसा असा प्रश्न विचारत नाही. तुमची योजना एका गृहीतकावर उभी आहे : समोरचा पुढे येईल. तो आला नाही, किंवा त्याने आधी गोल केला, तर तुमच्याजवळ दुसरी योजना नाही. सामना ०-१ असताना मागे बसून राहण्याला काही अर्थ उरत नाही.

खेळात मुख्य योजनेबरोबर दुसरी योजना आधीच तयार करून ठेवण्याची सोय आहे, तिचा वापर करा. दुसऱ्या योजनेत ‘क्विक काउंटर’ शैली ठेवावी, असे माझे मत आहे. तिच्यात संघ वर सरकून दाब आणतो आणि चेंडू मिळताच थेट पुढे जातो, त्यामुळे तुमच्या खेळाडूंना सवयीचा असलेला वेगवान, सरळ हल्ला कायम राहतो, फक्त तो गोलजवळून सुरू होण्याऐवजी मैदानाच्या मधून सुरू होतो. ‘पझेशन गेम’ मात्र घेऊ नका. ज्याचा सराव नाही ते भेटीच्या दिवशी जमत नाही. खेळातील ज्या व्यवस्थापकाला तुम्ही संघ दिला आहे त्याचे या शैलीतील गुण किती आहेत, हेही पाहा. एका शैलीत उत्तम असलेला व्यवस्थापक दुसरीत साधारण असू शकतो आणि त्याचा परिणाम तुमच्या सगळ्याच खेळाडूंवर होतो.

‘काउंटर टार्गेट’विषयीही थोडा हिशोब मांडा. तो खेळाडू वर थांबतो, म्हणजे बचावाला तुमचे नऊ जण आणि गोलरक्षक उरतात. समोरच्याने माझे वरचे उत्तर वाचून एका कडेला बचावपटू मागे ठेवला, तर तुमचा तो एकटा आघाडीवीर दोन-तीन जणांत अडकून पडेल आणि त्याची किंमत मात्र तुम्ही बचावात मोजत राहाल. अशा वेळी त्याला ज्या कडेचा बचावपटू वर धावतो त्या बाजूला हलवा, किंवा ती सूचना काढून घेऊन पहिला पास लांब न देता मधल्या फळीतील मोकळ्या खेळाडूला द्या. त्याच्याकडून दुसरा पास लांब जाऊ द्या. एका पासचा उशीर झाला, तरी समोरच्याचा मागे थांबलेला बचावपटू तोपर्यंत चेंडूकडे वळलेला असतो.

तुमच्या भेटीचे स्वरूप तीन लढतींचे आहे, हे तुम्ही पुरेसे वापरत नाही. कोणता खेळाडू कोणत्या क्रमाने उतरवायचा, हाही डावपेचच आहे. २०१९ मध्ये लंडनला झालेल्या फिफा ई-वर्ल्ड कप या व्हिडिओ-फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे उदाहरण देतो. तेव्हा अंतिम सामना दोन भागांत, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन या दोन वेगवेगळ्या खेळ-यंत्रांवर खेळवला जात असे. सौदी अरेबियाचा मोसाद अल्दोसारी हा आदल्या वर्षीचा विजेता होता आणि एक्सबॉक्स हे त्याच्या सरावाचे यंत्र होते. जर्मनीचा मोहम्मद हारकूस प्लेस्टेशनवर खेळणारा. हारकूसने समोरच्याच्या यंत्रावरील पहिला भाग १-१ असा बरोबरीत सोडवला आणि स्वतःच्या यंत्रावरील दुसरा भाग २-१ असा जिंकून एकूण ३-२ ने विजेतेपद मिळवले. जिथे आपण कमजोर आहोत तिथे न हरणे आणि जिथे बलवान आहोत तिथे जिंकणे, असा तो हिशोब होता. तुमच्या तिघांपैकी सर्वात धीराचा खेळाडू त्यांच्या सर्वात आक्रमक खेळाडूसमोर आणा. तुमचा उतावळा खेळाडू, जो प्रत्येक संघात एक तरी असतो, त्यांच्या थांबून खेळणाऱ्यासमोर चुकूनही पाठवू नका.

मी दोघांनाही सांगितल्यामुळे माझा सल्ला निरुपयोगी झाला, असे तुम्हाला वाटेल. मला तसे वाटत नाही. एकमेकांना पूर्ण ओळखणाऱ्या खेळाडूंमध्येही निकाल लागतोच. चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला. त्यात फुटबॉलच्या खेळाचे सुवर्ण आणि रौप्य ही दोन्ही पदके थायलंडच्याच दोघांनी जिंकली, म्हणजे अंतिम सामना एकाच देशाच्या संघातील दोघांत झाला. तेथे गुपित असे काय उरले असेल? समोरच्याला माझी योजना ठाऊक आहे हे गृहीत धरून, ती कोणत्या मिनिटाला वापरायची आणि कोणत्या मिनिटाला मुद्दाम टाळायची, एवढाच निर्णय अशा लढतीत हातात राहतो. तुमच्या दोन गावांची स्पर्धा आता त्या टप्प्यावर आली आहे. पहिली वीस मिनिटे, म्हणजे खेळाच्या घड्याळातील वीस मिनिटे, नेहमीसारखे मागे बसा आणि अचानक दुसऱ्या योजनेवर जा. समोरचा त्या वेळी सर्वात वर आलेला असतो.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकते आणि आमच्या भागातील मुलींच्या संघातून खेळते. समोरचा संघ कोणत्या योजनेने उतरला आहे, हे सामना सुरू झाल्यावर लवकर कसे ओळखावे? मला ते बहुधा मध्यंतरानंतर कळते आणि तोवर एक गोल झालेला असतो.
(एक वाचक, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा)

उत्तर : कबड्डीतील जाणकार चढाईपटू पहिली चढाई गुण घेण्यासाठी करत नाही. तो रेषेच्या आत जाऊन नुसता फिरून येतो आणि कोपऱ्यातला बचावपटू आत सरकतो की बाहेर, साखळी कुठून बांधली जाते, हे पाहून घेतो. तुम्हीही पहिले दोन हल्ले असेच वापरा. चेंडू तुमच्या कडेच्या बचावपटूकडे द्या आणि थांबून छोट्या नकाशाकडे पाहा. समोरचे आघाडीवीर तुमच्या अर्ध्या भागात शिरले, तर ती ‘क्विक काउंटर’सारखी दाबाची शैली आहे आणि त्यांच्या फळीमागे जागा मोकळी आहे. ते मध्यरेषेपाशीच थांबले, तर खोल बचाव आहे. एकटा कुणी चेंडूकडे लक्ष न देता वरच रेंगाळत असेल, तर त्याचे नाव ध्यानात ठेवा; सगळे लांब पास त्याच्याकडेच येणार आहेत.

याहून महत्त्वाचे निरीक्षण मात्र समोरच्या माणसाचे आहे, खेळाडूंचे नव्हे. चेंडू गेल्यावर ती कोणता खेळाडू आधी हातात घेते, गोलसमोर आल्यावर कोणत्या पायावर वळते, पेनल्टी क्षेत्राच्या कडेला पोहोचल्यावर प्रत्येक वेळी आतच वळते काय, हे पाहा. रचना मध्यंतराला बदलता येते, बोटांची सवय इतक्या लवकर बदलत नाही. तुम्ही मध्यंतरानंतर जे ओळखता ती रचना असते. सवय तर पहिल्या पाच मिनिटांत दिसलेली असते, तिच्याकडे तुमचे लक्ष गेलेले नसते, इतकाच फरक आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या काळी नागपूर आणि कामठीचा फुटबॉल पाहायला आम्ही मुद्दाम जात असू. नातवाला मोबाईलवर ‘डावपेच’ असा शब्द वापरताना ऐकतो तेव्हा प्रश्न पडतो, की कंपनीने खेळात बदल केला की कालचे डावपेच आज निकामी होतात. अशा गोष्टीला डावपेच म्हणावे काय?
(एक वाचक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा)

उत्तर : गुरुजी, तुमची शंका रास्त आहे, पण नियम बदलल्यावर डावपेच बदलणे ही मैदानावरील फुटबॉलचीही जुनी रीत आहे. १९२५ मध्ये ऑफसाईडचा नियम बदलला. त्याआधी हल्लेखोरापुढे प्रतिस्पर्ध्याचे तीन खेळाडू असावे लागत, ते दोन केले गेले. गोल एकदम वाढले आणि मग आर्सेनलचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या फळीतील एका खेळाडूला दोन बचावपटूंच्या मध्ये मागे आणले. आज आपण ज्याला मधला बचावपटू म्हणतो त्याची जागा त्या बदलातून पक्की झाली.

पडद्यावरही तसेच घडते. २०११ मध्ये आलेल्या ‘फिफा १२’ या खेळात बचावाची पद्धत बदलली. त्याआधी एक बटण दाबून धरले की बचावपटू आपोआप चेंडूवर तुटून पडत असे. त्यानंतर अंतर राखून, वेळ साधून चेंडू काढावा लागू लागला. बटण दाबून धरणारे मागे पडले आणि जागा राखणे जाणणारे पुढे आले. २०२१ मध्ये कोनामी कंपनीने आपल्या जुन्या ‘प्रो एव्होल्युशन सॉकर’चे नाव बदलून तो ‘ई-फुटबॉल’ म्हणून विनामूल्य दिला. आज आपल्या खेड्यांतील मुलांच्या फोनमध्येही हा खेळ आहे. नातवाला एकदा विचारून पाहा, की त्याचा मधला बचावपटू जागा सोडून पुढे आला तर मागे कोण असते. कामठीच्या मैदानावर तुम्ही जे पाहिले आहे, त्यातून त्याचे उत्तर बरोबर की चूक हे तुम्हाला लगेच कळेल आणि त्यालाही तुमच्याकडून खूप शिकता येईल.

प्रश्न : आमच्याकडे मेळघाटात नेटवर्क कधी असते, कधी नसते. बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो. शेजारच्या तालुक्यातील संघ चांगल्या जोडणीवर खेळतो आणि आम्हाला दाबून टाकतो. अशा वेळी डावपेचांनी काही होते काय?
(एक वाचक, तालुका चिखलदरा, जिल्हा अमरावती)

उत्तर : काही अंशी होते. उशीर असताना ज्या गोष्टी नेमक्या क्षणावर अवलंबून आहेत त्या सगळ्या सोडून द्या : चेंडू हिसकावण्याची झडप, चकवण्यासाठी केलेला ‘डबल टच’, पहिल्याच स्पर्शात मारलेला फटका. उशिराने घातलेली झडप म्हणजे समोरच्याला मोकळी वाट, आणि पेनल्टी क्षेत्रात ती घातली तर थेट पेनल्टी. त्याऐवजी पासच्या वाटेत उभे राहा. वाटेत आधीच उभ्या असलेल्या खेळाडूला क्षण साधावा लागत नाही, चेंडू आपोआप त्याच्यावर येतो. रचना अशी निवडा की मधल्या फळीत गर्दी राहील आणि अधिकाधिक काम संगणकाकडील दहा जण करतील, कारण त्यांना तुमच्या बोटांची वाट पाहावी लागत नाही. चेंडू मिळाल्यावर पास एक ठोका आधी द्या, म्हणजे साथीदार मोकळा दिसल्यावर नव्हे, तर तो मोकळा होणार असे दिसताच.

शेजारच्या तालुक्याच्या संघाशी मात्र आधीच बोलून घ्या. दोन्ही संघांनी एकाच खोलीत बसून, एकाच जोडणीवरून खेळावे, असे ठरवणे हा तुमचा हक्क आहे आणि कोणताही चांगला संघ त्याला नाही म्हणणार नाही. डीपी जळाली किंवा भारनियमन सुरू झाले तर लढत कोणत्या मिनिटापासून पुन्हा खेळायची, झालेले गोल धरायचे की नाही, हे नाणेफेकीआधी कागदावर लिहून दोन्ही कर्णधारांच्या सह्या घ्या. राऊटर इन्व्हर्टरला जोडा आणि सामना चालू असताना त्या जोडणीवर दुसरे कुणी व्हिडिओ पाहत नाही ना, याकडे लक्ष देण्यासाठी एक माणूस नेमा.